गच्चीवरील भाजीबाग : प्रश्न जागेचा नव्हे, मातीचा

तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास भाजीपाला व फळझाडांची बाग आकारास येऊ लागली. या स्वयंपाकघरात कर्मचाऱ्यांसाठी रोज मोठ्या प्रमाणावर अन्न शिजत असे. त्यातून निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचे करायचे काय, हा तेथील प्रश्न होता. केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी हा कचरा जागेवरच कुजवून त्यात झाडे लावली. अपुऱ्या जागेत सघन सेंद्रिय बाग फुलविण्याचे मर्म नेमके येथेच आहे. वाफा चार चौरस फुटांचा असला, तरी त्यातील माती जिवंत असेल तर तो देतो. रोपवाटिकेतून आणलेली निव्वळ लाल माती मात्र दोन-चार महिन्यांत विटेसारखी घट्ट होते.

हाच विचार 'प्रयोग परिवारा'चे प्रवर्तक, कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी शेतीच्या संदर्भात मांडला होता. त्यांच्या परंपरेतील 'अमृतजल' आज अनेक गच्ची-बागायतदार वापरतात. १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम काळा गूळ १० लिटर पाण्यात कालवून मिश्रण तीन दिवस ठेवावे, रोज ढवळावे आणि नंतर दहापट पाणी घालून वापरावे. त्यात वाळका पालापाचोळा भिजवून रचला, मधूनमधून उलटला आणि ओलसर ठेवला, की काही महिन्यांत काळी, भुसभुशीत माती तयार होते. भाज्यांची देठे-साली त्यात खुशाल घालाव्यात, तेलकट शिजलेले अन्न घालू नये.

या हलक्या मातीचा आणखी एक लाभ आहे व तो अनेकांच्या लक्षात येत नाही. साधी माती फूटभर जाडीची पसरून भिजवली, तर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार पडतो. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला १५० किलो वापरभार गृहीत धरून आखलेला असतो! पालापाचोळ्याचे मिश्रण बरेच हलके असले, तरी सर्व गच्ची वाफ्यांनी व्यापू नये. कुंड्या-पिंपे भिंती व तुळयांच्या रेषेत मांडावीत आणि जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा. कुंड्या विटांवर ठेवल्यास पाण्याचा निचरा होतो, शिवाय गळती लगेच दिसते. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी संबंध टिकविण्यासाठी एवढे आवश्यकच आहे.

सघन लागवडीत उघडी जमीन शिल्लक ठेवायची नसते. वांग्याची रोपे लहान असतानाच त्यांच्यामध्ये मेथी पेरावी. वांगी पसरेपर्यंत महिनाभरात मेथी उपटून स्वयंपाकघरात गेलेली असते. टोमॅटोला बादलीएवढे खोल भांडे व काठीचा आधार लागतो. दुधी, दोडका कठड्यावर किंवा मांडवावर चढवावा, कोथिंबिरीसाठी मात्र सहा इंच खोलीचा ट्रे पुरतो. फळभाज्यांना रोज पाच-सहा तास ऊन हवे. केवळ सकाळचे ऊन येणाऱ्या बाल्कनीत टोमॅटोचा हट्ट धरण्यापेक्षा पालेभाज्याच लावाव्यात.

मावा अथवा पिठ्या ढेकूण दिसताच लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावे. पानांची खालची बाजू विसरू नये, कीड तेथेच दडते.