दोन ऑक्साइडांच्या सांध्यातलं चुंबकत्व

धरमतर खाडीत बार्जमधून लोहखनिज येतं. लोखंड चुंबकाला चिकटतं, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण ज्यांत लोखंड नाहीच, अशा दोन पदार्थांच्या सांध्यात चुंबकत्व दिसलं तर?

पदार्थ कोणते?
स्ट्रॉन्शियम टायटॅनेट आणि लँथॅनम ॲल्युमिनेट. दोन्ही ऑक्साइड. दोन्हींतून वीज वाहत नाही, दोन्ही चुंबक नाहीत. २००४ मध्ये ओटोमो आणि ह्वांग या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पहिल्यावर दुसऱ्याचा पातळ थर चढवला, तर सांध्यातून वीज वाहते. इलेक्ट्रॉन तिथे काही नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यातच फिरतात. यालाच ‘द्विमितीय इलेक्ट्रॉन वायू’ म्हणतात.

चुंबकत्व कसं सापडलं?
२००७ मध्ये त्याच्या खुणा मिळाल्या. त्याच वर्षी ०.२ केल्विनच्या आसपास अतिवाहकताही आढळली. सहसा चुंबकत्व अतिवाहकतेला मारक असतं. तरी २०११ मध्ये स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या गटांना दोन्ही गुण एकत्र दिसले. टायटॅनियमपाशी अडकलेले इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, ही कारणं सांगितली जातात.

मग वाद कशाचा?
हे चुंबकत्व फार क्षीण आहे. पोलादी चिमट्याने नमुना उचलला, तरी लोखंडाचा अंश लागून खोटं माप येऊ शकतं.

हीच खबरदारी आपल्या रायगडात शंभर वर्षांपूर्वी घेतली गेली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. बांधकामात लोखंड टाळलं. १९०४ पासून तिथे नोंदी होतात. माप खरं हवं, तर आधी भोवतालचं लोखंड दूर करावं लागतं.