नदीचे मूळ आणि कुळाचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. कृष्णेचे मूळ महाबळेश्वरी दगडी गोमुखातून पडताना कोणीही पाहावे. कुळाच्या बाबतीत मात्र या म्हणीचे शहाणपण आम्हांस मूळगावी गेल्यावर कळले.

गाव वाळवे तालुक्यात, कृष्णाकाठी. आमचे आजोबा आमरण स्वतःस सातारकर म्हणवीत, आणि आम्ही उतरलो ते सांगलीस. दोन्ही खरेच. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा निराळा झाला, आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याचे म्हणून गाजलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची येडेमच्छिंद्र आणि कुंडल ही गावेही आज सांगलीतच शोधावी लागतात.

आमच्या वंशावळीत पहिलीच ओळ अशी आहे की, मूळपुरुष शाहूमहाराजांबरोबर मोगलांच्या छावणीतून आले. महाराज सुटले 1707 साली, आणि पुढील वर्षी साताऱ्यास त्यांस राज्याभिषेक झाला. ही कथा सांगणारी घराणी या प्रांती इतकी भेटतात की, ती सारी खरी धरल्यास महाराजांस खेडची लढाई लढण्याचे कारणच पडले नसते!

गावात कुलकर्ण्यांचे दुसरे एक घर आहे. त्यांच्याशी आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. लबाडीने आमचे वतन खाल्ले ते यांनीच, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या घरच्या वृद्ध काकांनी आमचे स्वागत केले, शेंगा-गूळ पुढे ठेवला आणि एक पेटी उघडली. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरले, तेव्हा त्यांनी प्रथम हीच माळ्यावर चढविली होती. तीत पेशवाईतील एका महजराची नक्कल होती.

महजर म्हणजे गोतसभेचा लेखी निवाडा. वाद पडला की पाटील, शेटे, बलुतेदार असे सारे गोत जमे, वृद्धांच्या साक्षी होत, आणि अखेरीस ज्याची त्याची निशाणी पडे: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. या निवाड्यात आमच्या मूळपुरुषाचा उल्लेख 'उपरी' असा आहे. वतनदार अज्ञान असता लिहिण्यापुरता ठेवलेला तो गुमास्ता. पुढे वतनच आपले म्हणू लागला, आणि गोताने ते मूळ धन्यास परत देवविले. ते धनी म्हणजे काकांचे पूर्वज.

हा कागद टिकला तो भांडणामुळे. 1848 साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर इनाम कमिशनाने वतनदारांकडे पुरावे मागितले, तेव्हा असे कागद जिवापाड जपणे भाग पडले. आमच्या इकडच्या इतिहासाचा फार मोठा भाग अशा भाऊबंदकीचाच ऋणी आहे. ज्यास वतन नव्हते, त्यास भांडायला कारण नव्हते, म्हणून त्याचा कागदही नाही. आमचा पूर्वज खोटा दावा लावता ना, तर त्याचे नावही आज आम्हांस कळते ना. त्या गावी निमूटपणे राबून गेलेल्या इतर उपऱ्यांच्या वंशजांनी कोठे शोध करावा?

वतने तर 1951 सालीच कायद्याने गेली. निघताना काकांनी एवढेच विचारले, "हे तुमच्या वंशावळीत घालणार का?" आम्ही हो म्हटले. परंतु ती पहिली ओळ अद्याप खोडलेली नाही. घरात वडील माणसे आहेत.