एक जून, एकतीस मे आणि लढाईतले घड्याळ

एका संस्थेच्या निवृत्त शिक्षकांची यादी तपासायचे काम माझ्याकडे आले होते. यादी अमरावतीच्या संगणकात भरलेली. पुढचे फॉर्म अकोल्यात, माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर तयार व्हायचे. छापून आलेल्या कागदावर तिघांची जन्मतारीख ३१ मे होती. त्यात माझे अब्बाही: ३१ मे १९४३. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून आहे.

१ जूनची गंमत वाचकांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजी जी तारीख लिहीत, ती. आमच्या यादीत तर १ जूनवाले डझनभर होते. पण १९४२ आणि १९४६ चे जागच्या जागी, आणि १९४३, ४४, ४५ चेच एक दिवस मागे सरकलेले.

"मामू, ही टायपिंगची चूक नाही," भाचा म्हणाला. "चुकले ते सगळे एकसारखे चुकलेत."

उत्तर सापडले दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. ग्रिनिचच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे. अमरावतीत सूर्य डोक्यावर येतो तो आजच्या घड्याळाने सरासरी १२ वाजून १९ मिनिटांनी, अकोल्यात आणखी तीन मिनिटांनी. लढाईच्या त्या तीन वर्षांत तोच सूर्य सव्वा वाजल्यानंतर माथ्यावर यायचा. जोहरची नमाज सूर्यावर चालते, कचेरी घड्याळावर. तेव्हाच्या मुअज्जिनांनी हा तास कसा सांभाळला असेल, कोण जाणे.

हा इतिहास संगणकाला ठाऊक असतो. जगभरच्या घड्याळांचे सरकारी निर्णय नोंदवणारी एक माहितीफाइल आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली, आजही स्वयंसेवक ती सांभाळतात. अमरावतीच्या संगणकाने '१ जून १९४३, मध्यरात्र' हा क्षण या फाइलप्रमाणे साडेसहा तासांनी मोजून ठेवला. भाच्याच्या प्रोग्रामने तो सरधोपट साडेपाच तासांनी वाचला. झाले ३१ मे, रात्रीचे अकरा! जन्मतारीख ही तारीख म्हणूनच ठेवायची, क्षण म्हणून नव्हे. एवढे पाळले असते तर काहीच बिघडले नसते.

पण फाइलही स्थिर नसते. तिच्या जुन्या आवृत्तीत भारताची वेळ १९४१ पर्यंत कलकत्त्याची होती, ग्रिनिचपुढे ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद. नंतर दुरुस्ती झाली आणि १९०६ पासूनच साडेपाच तास आले. म्हणजे एका यंत्रात जुनी फाइल आणि दुसऱ्यात नवी असेल, तर १ जून १९३८ चा माणूसही ३१ मे ला जन्मतो. अख्ख्या भारताला नाव एकच, कोलकात्याचे. १९७० पासून ज्या भागांची घड्याळे एकसारखी चालली, त्यांना मिळून एकच नोंद हा तिथला नियम. त्यामुळे १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे चालणारा बॉम्बे टाइमही त्यात नाही, मग वऱ्हाडाला कोण विचारतो! शहराचे नाव २००१ मध्ये बदलले, फाइलमध्ये २००८ मध्ये. अजूनही काही संगणक 'कलकत्ता' म्हणतात, आणि फक्त नवे नाव ओळखणारा डेटाबेस त्यांना दारातच अडवतो.

मोरोक्कोचे आणखी पुढचे. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने वर्षभर घड्याळ एक तास पुढे ठेवायचे आणि रमजानमध्ये मागे घ्यायचे ठरवले. निर्णय जाहीर झाला तो घड्याळे बदलायच्या जेमतेम दोन दिवस आधी. आता त्या फाइलमध्ये २०८७ पर्यंतच्या रमजानच्या अंदाजे तारखा आहेत. चाँद दिसायच्या आधीच!

आम्ही तिन्ही तारखा दाखल्याशी ताडून हाताने दुरुस्त केल्या. हसण्यावारी नेण्यासारखे हे नव्हते. आपल्या घरांत दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या की म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही. अब्बांनी दाखला दोनदा मागून पाहिला.

मग म्हणाले, "अम्मी तर सांगायची, तू मोहरमच्या सातवीला झालास."

१९४३ साली ती जानेवारीत आली होती.