वनस्पती संप्रेरके आणि पर्यावरणीय ताण

अवर्षण, पूर, क्षारता, थंडी, कडक ऊन अशा प्रतिकूल परिस्थितीत वनस्पतीची वाढ, पाण्याचा खर्च आणि फुलणे-फळणे यांचा मेळ घालणारी अंतर्गत रासायनिक यंत्रणा. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल, एथिलीन, जास्मोनेट, सॅलिसिलिक आम्ल, स्ट्रिगोलॅक्टोन इत्यादी संप्रेरके अत्यल्प प्रमाणात हे काम करतात. यांपैकी ॲब्सिसिक आम्लाला ‘ताणाचे संप्रेरक’ म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. ताण आला की वाढीला पुढे रेटणारी आणि तिला आवर घालणारी संप्रेरके यांच्यातला तोल बदलतो. जगण्यासाठी वनस्पती वाढ थांबवते आणि त्याची किंमत उत्पादनात मोजावी लागते.

ॲब्सिसिक आम्लाचा शोध 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन ठिकाणी लागला. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि सहकारी कापसाची कोवळी बोंडे का गळतात हे तपासत होते, तर वेल्समध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट झाडांच्या कळ्यांच्या सुप्तावस्थेमागचे द्रव्य शोधत होता. दोघांच्या हाती लागलेले द्रव्य एकच असल्याचे 1965 मध्ये सिद्ध झाले. नाव मात्र पानगळीवरून पडले, आणि पानगळीत या द्रव्याचा वाटा एथिलीनपेक्षा गौण असल्याचे पुढे दिसून आले. पाण्याच्या ताणाशी त्याचे नाते 1969 मध्ये उघड झाले: गव्हाची पाने कोमेजू दिली की काही तासांतच त्यांतील या आम्लाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

हे आम्ल गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड कुळातील रंगद्रव्यांपासून तयार होते. याचा ठळक पुरावा मक्याच्या काही उत्परिवर्तित वाणांत मिळतो. त्यांत कॅरोटिनॉइडे बनत नाहीत, म्हणून दाणे फिकट राहतात. आणि ॲब्सिसिक आम्लही बनत नसल्याने कणसावर असतानाच त्या दाण्यांना कोंब फुटतात.

पाणी कमी पडल्यावर सर्वांत आधी हालचाल होते ती पर्णरंध्रांत. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी बहुतेक सारे पाणी या रंध्रांवाटेच वाफ होऊन जाते. जमीन सुकू लागली की मुळांकडून पानांकडे इशारा जातो. असा एक इशारा नेणारा लहान पेप्टाइड 2018 मध्ये ओळखला गेला. त्यानंतर मुख्यतः पानांच्या शिरांलगत ॲब्सिसिक आम्ल बनू लागते. रक्षक पेशीत त्याला ओळखणारी ग्राही प्रथिने 2009 मध्ये शॉन कटलर आणि एर्विन ग्रिल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधली. एरवी एक विकर पेशीतील किनेझ प्रथिनाला दाबून ठेवते. ॲब्सिसिक आम्ल धरलेले ग्राही प्रथिन त्या विकरालाच अडवते आणि किनेझ मोकळे होते. ते पेशीपटलातील ऋण आयनांचे मार्ग उघडते. आधी ऋण आयन, मग पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी पेशीबाहेर पडते, पेशी सैल होते आणि रंध्र मिटते. या साऱ्याला काही मिनिटे पुरतात. ‘फ्लॅका’ नावाच्या टोमॅटोच्या उत्परिवर्तित रोपात हे आम्ल पुरेसे बनत नाही. त्याची रंध्रे अंधारातही उघडी राहतात आणि मातीत ओल असूनही रोप माना टाकते. त्यावर ॲब्सिसिक आम्ल फवारले की ते पुन्हा ताठ होते.

रंध्रे मिटली की पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येणेही थांबते. प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पानाचे तापमान वाढते. दाणा भरण्याच्या काळात दीर्घकाळ असे झाले तर दाणा बारीक राहतो.

पुरात गणित वेगळे असते. एथिलीन हा वायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे बुडालेल्या रोपात तो कोंडून साचतो. तोच बुडाल्याची खूण ठरतो. खोल पाण्यातील भाताच्या जातींत एथिलीनमुळे जिबरेलिनचा परिणाम वाढतो आणि पेरी झपाट्याने लांबून शेंडा पाण्यावर येतो. ओडिशातील ‘एफआर 13 ए’ या जुन्या भाताने नेमका उलटा मार्ग धरला आहे. त्याचे ‘सब-1-ए’ जनुक वाढ रोखून धरते, साठवलेली शर्करा राखते आणि दोन आठवडे बुडूनही पाणी ओसरल्यावर रोप पुन्हा फुटते. हे जनुक 2006 मध्ये ओळखले गेले. ते ‘स्वर्णा’ वाणात उतरवून तयार केलेला ‘स्वर्णा-सब-1’ 2009 मध्ये भारतात प्रसारित झाला. एकाच संकटाला एकाच पिकाने दिलेली ही दोन विरुद्ध उत्तरे या विषयातील सर्वांत बोलकी आहेत: पूर महिनोन्महिने टिकणारा असेल तर वर येणे फायद्याचे, आठ-पंधरा दिवसांचा असेल तर दबून राहणे.

किडीने पान कुरतडले की जास्मोनेटे आणि रोगजंतू शिरले की सॅलिसिलिक आम्ल पुढाकार घेते. जमिनीत फॉस्फरस कमी असेल तेव्हा मुळे स्ट्रिगोलॅक्टोने मातीत सोडून उपयुक्त बुरशीला जवळ करतात. ज्वारीच्या शेतातील टारफुला हे परजीवी तण याच इशाऱ्यावर रुजते, त्यामुळे हलक्या, निकस जमिनीत त्याचा उपद्रव अधिक असतो.

महाराष्ट्रातील फळबागांत पाण्याचा ताण मुद्दाम दिला जातो. बहार धरताना डाळिंब, संत्रा, मोसंबी यांचे पाणी तोडतात. वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळू लागतात, फांद्यांत अन्नसाठा होतो; मग हलके पाणी देऊन ताण तोडला की झाड एकदम फुलते. डाळिंबात उरलेली पाने उतरवण्यासाठी इथेफॉन फवारतात. त्यातून झाडाच्या आतच एथिलीन सुटते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. म्हणून दिवस मोजून नव्हे, तर पाने पाहूनच ताण तोडावा. तो जास्त लांबला तर बारीक फांद्या वाळतात.

ॲब्सिसिक आम्ल फवारून अवर्षणात पीक तगवण्याचा मार्ग अद्याप शेतात रुळलेला नाही. उन्हात ते लवकर निकामी होते आणि वनस्पतीही ते झपाट्याने मोडून टाकते. द्राक्षाच्या काही जातींना रंग आणण्यासाठी त्याचा वापर होतो. अवर्षणासाठी मात्र त्याच ग्राही प्रथिनांना बसणारी, अधिक टिकाऊ कृत्रिम द्रव्ये प्रयोगशाळांत घडवली जात आहेत. 2019 मध्ये जाहीर झालेले ओपाबॅक्टिन हे त्यांपैकी एक.