जागत्या रात्री आणि गुंडाळलेले अंथरूण

कोजागरीला जो जागतो त्याच्या घरी लक्ष्मी येते, अशी आपली समजूत. परंतु बाराही महिने ज्याचा डोळा लागत नाही त्याच्या घरी कोण येते? आमच्या घरी प्रथम वैद्य आले, मग देवऋषी आला आणि शेवटी गोळ्यांची बाटली आली. हा जागणारा माणूस म्हणजे माझे आजोबा. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांचे जागरण सुरू झाले १९४२ साली, आणि त्याचे मूळ एका मोठ्या इतिहासात आहे.

त्या काळी सातारा जिल्हा फार मोठा होता. १९४९ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगलीचे नाव मिळाले. १९४२ च्या ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ तारखेला वडूजला आणि १० ला इस्लामपूरला गोळ्या चालल्या. पुढे चळवळ भूमिगत झाली आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली. २४ जुलैला वसंतदादा पाटलांनी सांगलीचा तुरुंग फोडला. हे सारे आमच्या शाळेत शिकवले जाते. पण ही माणसे त्या चार वर्षांत झोपत कशी होती, हे कोणी सांगत नाही.

आज उसाच्या फडात, उद्या कडब्याच्या गंजीआड, परवा एखाद्या वस्तीवरच्या माळ्यावर. पायातली पायताणे काढायची नाहीत. कुत्रे भुंकले की उठायचे. त्यांना भाकरी पोचवणाऱ्या बायाही जाग्याच असत. त्यांच्या जागरणाची नोंद तर कुठल्याच कागदावर नाही. अंथरुणाला पाठ लागणे म्हणजे पकडले जाणे, हा धडा शरीराने इतका पक्का केला की १९४६ साली भूमिगत मंडळी उघडपणे हिंडू लागली तरी आबांच्या देहाला ती बातमी पोचली नाही. दिवसा बाजेवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी येई. रात्री अंथरुणावर पडले की मात्र डोळे टक्क.

वैद्यबुवांनी जे सांगितले ते चरकातलेच होते. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आणि निद्रानाशावर अभ्यंग, स्नान, म्हशीचे दूध, सुगंध, मनाला सुख देणारे शब्द असे उपाय दिले. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानानंतर कोणाला पेंग येत नाही? समर्थांनीही दासबोधात निद्रेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे, पण त्यात झोपलेल्यांची तऱ्हा आहे, जागणाऱ्यांची नाही. (तिसऱ्या तासाला माझ्या वर्गात तो समास प्रत्यक्ष पाहायला मिळतो.) आबांना तेलाने बरे वाटे. झोप मात्र येईना.

पुढे वडील साखर कारखान्यात लागले आणि त्यांनी हौसेने आबांसाठी पलंग आणला. तिथेच घात झाला. आबा त्यावर दिवसभर लोळत. तिथेच चहा, तिथेच हिशेब, तिथेच काळजी. रात्रीची दोन तासांची झोपही गेली. तेव्हा आजीने पलंग उचलून गोठ्याकडच्या पडवीत टाकला, वाकळ पुन्हा काढली आणि पहाटे आबा उठले की ती वळकटी करून फळीवर चढवू लागली. आबांनी कुरकुर केली तर म्हणे, “अंथरूण म्हंजी काय दुकान हाय व्हय, दिसभर उघडं ठेवायला?” रात्री झोप लागेना की ती त्यांना ओसरीवर घालवी. “हितं तळमळू नगा. डोळं जड झालं की या.” रात्र कशीही गेली तरी पहाटे पाचाला उठवी.

हे मला आठवते ते एका वाचनामुळे. १९७२ साली रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशावर जे नियम मांडले ते असे: झोप आल्यावरच अंथरुणावर जावे, तिथे वाचन, विचार, चिंता करू नये, झोप न लागल्यास उठून दुसरीकडे जावे, रोज एकाच वेळी उठावे, दिवसा झोपू नये. अंथरूण आणि जागेपण यांची पडलेली गाठ सोडवायची, हे त्यातले मर्म. १९८७ साली आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पायरी जोडली: जेवढी झोप लागते जवळजवळ तेवढाच वेळ अंथरुणावर घालवायचा, साडेचार तासांपेक्षा मात्र कमी नाही, आणि झोप भरू लागली की पाव पाव तास वाढवायचा. २०१६ साली अमेरिकेतल्या वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने, प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी ही वागणुकीची आणि विचारांची उपचारपद्धती वापरावी, असा सल्ला दिला. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिने झोप बिघडली की तो जुनाट म्हणायचा.

हे वाचून “आमच्याकडे हे सगळे होतेच” अशी छाती फुगवावी, असे मला वाटत नाही. चरकांनी सुख वाढवायला सांगितले आहे. ही नवी पद्धत सुरुवातीला चांगलीच त्रास देते. पहिले काही दिवस माणूस पेंगतो, चिडतो. फेफरे येणाऱ्याने, मनाच्या चढउताराचा आजार असलेल्याने किंवा गाडी चालवणाऱ्याने ती वैद्याला विचारल्याशिवाय करू नये. शिवाय “दुसऱ्या खोलीत जा” हे सांगणे सोपे. एका खोलीत सहा माणसे निजतात तिथे काय करायचे? आमच्याकडे ओसरी होती, म्हणून निभावले.

आबांना दोन महिन्यांनी सलग पाच तास झोप लागू लागली, असे आजी सांगे. मी पाहिले तेव्हा ते नव्वदीच्या दशकातले म्हातारे होते आणि रात्री नऊला शांत घोरत. फक्त शिवारात कुत्रे भुंकले की उठून बसत आणि अंधारात पायाने पायताणे चाचपत. आजी कुशीवर वळून म्हणे, “कुणी न्हाई. कोल्हा असंल.” मग ते परत आडवे होत.