ताऱ्याचा पाठलाग : हौशी खगोल छायाचित्रणातील दुर्बीण-नियंत्रणाचा इतिहास

प्रास्ताविक

खगोल छायाचित्रणाचा इतिहास बहुधा आरशांचा, भिंगांचा आणि रासायनिक लेपांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. दुर्बीण किती इंचांची होती आणि काच किती संवेदनक्षम होती, या दोन प्रश्नांभोवती ही कथा फिरते. तासन्‌तास प्रकाश साठत असताना दुर्बीण ताऱ्यावर खिळवून कोण ठेवीत होते, हा तिसरा प्रश्न तळटीपेत जातो. वास्तविक या क्षेत्रातील यशापयशाचा निर्णय पुष्कळदा याच प्रश्नाने केला आहे. त्याची उत्तरे शोधणाऱ्यांत पगारी ज्योतिर्विदांइतकेच, काही काळ तर त्यांच्याहून अधिक, हौशी निरीक्षक होते. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

अडचण मुळात भूमितीची आहे. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. १०० इंच नाभीय अंतराच्या दुर्बिणीत हे सरकणे काचेवर सुमारे ०.१८ मिलिमीटर भरते. दुर्बीण स्थिर असेल तर एका सेकंदातच ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. डोळ्याने पाहणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही, कारण डोळा प्रकाश साठवीत नाही. काच मात्र साठवते, आणि प्रकाशाबरोबर प्रत्येक चूकही साठवते.

घड्याळ आणि हात

यावरचा तात्त्विक उपाय छायाचित्रणाच्या आधीच सापडला होता. योझेफ फ्राउनहोफर यांनी १८२४ मध्ये डोर्पाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी दिलेल्या दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला होता आणि वजनाच्या साहाय्याने चालणारे घड्याळयंत्र तो अक्ष फिरवीत असे. ही विषुववृत्तीय बैठक, म्हणजे आजच्या हौशी मंडळींच्या भाषेत ‘माउंट’, पुढे सर्वत्र रूढ झाली. तरीही डोळ्याला पुरेसे वाटणारे घड्याळ छायाचित्राला पुरत नाही, हे लवकरच ध्यानात आले. १७ जुलै १८५० रोजी हार्वर्ड वेधशाळेत विल्यम बाँड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे ते पहिले छायाचित्र होय. परंतु दुर्बिणीची गती एकसारखी नसल्याने मंद ताऱ्यांपर्यंत त्यांना जाता आले नाही. १८५७ मध्ये सुधारलेले घड्याळयंत्र आणि ओल्या कलोडियनची काच ही दोन्ही हाताशी आली तेव्हा जॉर्ज बाँड यांनी वसिष्ठ व अरुंधती यांची वापरण्याजोगी छायाचित्रे मिळविली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये वॉरन दे ला रू हा कागदाच्या व्यवसायातील गृहस्थ चंद्राची छायाचित्रे घेत होता. १८५० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या १३ इंची दुर्बिणीला घड्याळयंत्र नव्हते. चंद्राची प्रतिमा सरकेल तशी तो काच हाताने सरकवीत असे. हा खटाटोप इतका कष्टाचा ठरला की त्याने काम थांबविले आणि यंत्र बसविल्यावरच, १८५७ मध्ये, ते पुन्हा हाती घेतले. साधन होते, कौशल्य होते, द्रव्यही होते, आणि तरी केवळ नियंत्रणाअभावी काही वर्षे वाया गेली, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हाताने प्रकाशाचा पाठलाग करण्याचे आणखी एक उदाहरण विलक्षण आहे. एडवर्ड इमर्सन बर्नार्ड हा अमेरिकेतील नॅशव्हिल येथील गरीब घरातला मुलगा वयाच्या नवव्या वर्षी एका छायाचित्रशाळेत कामाला लागला. त्या काळी छायाचित्र मोठे करण्यासाठी सूर्यप्रकाश वापरीत. छतावर बसविलेले ते अवजड उपकरण दिवसभर सूर्याकडे रोखून ठेवणे, एवढेच त्याचे काम होते. पुढे हाच बर्नार्ड लिक वेधशाळेत गेला आणि १८८९ पासून त्याने आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली ती आजही आदराने पाहिली जातात. तीही त्याने मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून, तास-दोन तास तारा फुलीवर धरून घेतली होती. त्याची ज्योतिर्विद्येतील पहिली शिकवणी त्या छतावरच झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तारांची फुली

जिलेटिनच्या कोरड्या काचा प्रचारात आल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. कलोडियनची काच ओली असेपर्यंतच काम देई. त्यामुळे उद्भासन, म्हणजे काच प्रकाशाला उघडी ठेवणे, काही मिनिटांतच आटोपावे लागे. कोरड्या काचेला ही मर्यादा नव्हती. आता मर्यादा होती ती घड्याळाची आणि माणसाच्या सहनशक्तीची.

३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी काच सुमारे पाऊण तासाहून अधिक काळ उघडी ठेवावी लागली. मार्च १८८२ मध्ये त्यांनी हा काळ १३७ मिनिटांवर नेला. इंग्लंडमधील अँड्र्यू एन्सली कॉमन हा व्यवसायाने आरोग्य-अभियंता. सांडपाण्याच्या व्यवस्थेत मुरलेल्या या माणसाची नजर नेमकी कुठे वळावी, हे पाहण्यासारखे आहे. त्याने ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीचा ध्रुवीय अक्ष पाऱ्यावर तरंगत्या पोकळ नळकांड्याच्या आधाराने पेलला, जेणेकरून घर्षण घटेल आणि गती एकसारखी होईल. याशिवाय त्याने सरकती काचधारक चौकट वापरली. घड्याळ चुकले तर सबंध दुर्बीण न हलविता, नेत्रिकेतील तारा पाहत काचच दोन दिशांनी किंचित सरकविता येई. १८८३ च्या जानेवारीत त्याने घेतलेल्या मृगाच्या छायाचित्रात त्याच दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ मध्ये त्याला सुवर्णपदक दिले. ते छायाचित्रांसाठी होते हे खरे; पण त्या छायाचित्रांमागे पारा आणि सरकती चौकट होती.

आयझॅक रॉबर्ट्‌स हा मूळचा वेल्समधील, बांधकामाच्या व्यवसायात स्थिरावलेला. त्याने डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून २० इंची परावर्ती दुर्बीण घेतली आणि तिच्याच बैठकीवर ७ इंची भिंगाची दुसरी दुर्बीण बसविली. मोठी दुर्बीण काचेसाठी आणि लहान दुर्बीण डोळ्यासाठी, अशी ही विभागणी होती. २९ डिसेंबर १८८८ रोजी लिव्हरपूलजवळील मॅगहल येथून त्याने देवयानी तेजोमेघाचे जे छायाचित्र घेतले, त्याने त्या अस्पष्ट ढगातील वलयाकार रचना प्रथमच जगापुढे आली. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळण्यास अजून तीन दशकांहून अधिक काळ जायचा होता.

पुण्याची वीस इंची दुर्बीण

याच ग्रब कारखान्याची, याच मापाची दुर्बीण त्याच वर्षी पुण्यातही होती, ही गोष्ट मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची ठरावी. भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्राण होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांचा भर वर्णपटांच्या अभ्यासावर होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे त्यांनी आपली तुकडी नेली होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकॅनलला गेली.

दोन समान दुर्बिणींची ही विभक्त भाग्ये केवळ हवामानाने किंवा पैशाने स्पष्ट होत नाहीत. रॉबर्ट्‌सच्या भोवती कॉमनसारखे कारागीर-निरीक्षक होते आणि आपापल्या युक्त्या एकमेकांना सांगणारी नियतकालिके होती. पुण्यात एक प्राध्यापक होता. महाविद्यालयातील उपकरण एका व्यक्तीवर अवलंबून असले की त्या व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर उपकरणही निवृत्त होते. अध्यापकवर्गाला याची उदाहरणे शोधण्यास दूर जावे लागणार नाही. हौशी निरीक्षकांचे संघटित मंडळ, ज्योतिर्विद्या परिसंस्था, पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झाले. तोपर्यंत ती दुर्बीण शहरातून जाऊन ३२ वर्षे लोटली होती.

डोळ्याची सुटका

विसाव्या शतकातील पहिली सत्तर-ऐंशी वर्षे या दृष्टीने फारशी वेगळी नाहीत. विजेची मोटर आली, फिल्म आली. मात्र थंडीत कुडकुडत फुलीवरचा तारा पाहणारा माणूस तिथेच राहिला. १९७५ मध्ये जॉर्ज हेग यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या आणि एक स्क्रू एवढ्यावर चालणारी बैठक वर्णिली. स्क्रू ठरावीक गतीने हाताने फिरवायचा. लहान भिंगाच्या कॅमेऱ्याला ती पुरेशी होती, आणि कित्येकांनी आपले पहिले तारे अशाच फळ्यांवर टिपले.

खरा पालट घडला तो बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये कल्पिलेल्या सीसीडी या प्रकाशसंवेदी चकतीने. मोठ्या वेधशाळांनी ती चित्रासाठी वापरली. हौशी क्षेत्रात मात्र तिचा एक क्रांतिकारक उपयोग चित्राबाहेरचा होता. कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुप या लहान कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस एसटी-४ नावाचे उपकरण बाजारात आणले. मार्गदर्शक दुर्बिणीला डोळ्याऐवजी हा छोटा कॅमेरा लावायचा. तो दर काही सेकंदांनी ताऱ्याचे चित्र घेई, ताऱ्याचा मध्यबिंदू किती ढळला हे मोजी आणि मोटरला तितक्याच क्षणांचा धक्का देई. बर्नार्डचा डोळा आणि कॉमनचा हात एका पेटीत आले. या ‘ऑटोगायडर’साठी ठरलेली तारांची जोडणी आजही अनेक माउंटवर एसटी-४ याच नावाने आढळते.

त्यामागील गणित सोपे असले तरी व्यवहार नाजूक आहे. माउंटमधील वर्म गिअर कितीही काळजीने कापला तरी त्याच्या प्रत्येक फेऱ्यात तारा थोडा पुढे-मागे डोलतो. ही चूक नियतकालिक असल्याने संगणक ती शिकू शकतो. हवेची चंचलता मात्र शिकता येत नाही. फार कमी अंतराने दुरुस्त्या केल्या तर यंत्र ताऱ्याऐवजी हवेचाच पाठलाग करू लागते आणि चित्र सुधारण्याऐवजी बिघडते. सराव झालेला निरीक्षक प्रत्येक थरथरीला दाद देत नसे. तो विवेक आता आज्ञावलीत आकड्यांच्या रूपाने लिहावा लागला.

आज्ञांची भाषा

दुर्बीण संगणकाच्या अंकित होण्याचा इतिहास यंत्रांइतकाच भाषेचाही आहे. मीड कंपनीची एलएक्स२०० ही दुर्बीण १९९२ मध्ये आली. कळ दाबताच ती मागितलेल्या ताऱ्याकडे वळे, आणि याचेच कौतुक अधिक झाले. दीर्घकालीन महत्त्वाची गोष्ट होती ती तिच्या मागच्या बाजूचे संगणक-जोडणीचे छिद्र आणि पुस्तिकेत छापलेली आज्ञांची यादी. अपूर्णविरामाने सुरू होऊन ‘हॅश’ चिन्हाने संपणाऱ्या या छोट्या आज्ञा कोणालाही पाठविता येत. अन्य उत्पादकांनीही तीच भाषा आपल्या माउंटना शिकविली. मीडचा कारभार २०२४ मध्ये बंद पडला, तिची भाषा मात्र वापरात राहिली.

जिथे भाषा खुली नव्हती तिथे गोंधळ होता. प्रत्येक माउंटसाठी प्रत्येक आज्ञावलीत वेगळा दुभाषा लागे. १९९८ मध्ये बॉब डेनी यांनी अ‍ॅस्कॉम ही सामाईक मांडणी पुढे आणली. उपकरणाने आपला एक दुभाषा द्यावा, सर्व आज्ञावल्यांनी त्याच्याशीच बोलावे, हे तिचे तत्त्व. लिनक्ससाठी एल्वूड डाउनी यांनी इंडी ही अशीच योजना मांडली. स्काय-वॉचर माउंटसाठी स्वयंसेवकांनी ईक्यूमॉड तयार केले, त्यामुळे हातातील नियंत्रकाची गरजच उरली नाही. ओरेगनचे मेल बार्टेल्स यांनी त्याही आधी स्टेपर मोटर आणि साधा संगणक यांच्या जोरावर घरी केलेल्या डॉब्सोनियन दुर्बिणी ताऱ्यामागे चालविल्या होत्या. क्रेग स्टार्क हे तर मेंदू व स्मृती यांचे संशोधक. त्यांची पीएचडी ही ऑटोगायडरची आज्ञावली जगभर पसरली. तिच्या नावाचा पदवीशी संबंध नाही. ‘अडाण्या, इथे दाब’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. पुढे ही आज्ञावली खुली झाली आणि स्वयंसेवकांनी तिची दुसरी आवृत्ती वाढविली.

यातील बहुतेकांचे नाव एखाद्या ताऱ्याला वा धूमकेतूला मिळालेले नाही. छायाचित्राखाली दुर्बीण, कॅमेरा आणि छायाचित्रकार यांची नोंद असते. आज्ञावली लिहिणाऱ्याची क्वचितच. दे ला रूच्या हाताप्रमाणे हेही श्रम चित्रात दिसत नाहीत, आणि यशस्वी झाले तर दिसूही नयेत अशाच स्वरूपाचे आहेत.

पुन्हा देवयानी

२०२२ च्या हिवाळ्याआधी फ्रान्समधील हौशी छायाचित्रकार यान सँती यांनी एका लहान, १०६ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेवर अनेक रात्री खर्च केल्या. ५३० मिलिमीटर नाभीय अंतरात तारा आजच्या चकतीवरील एक बिंदू सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्शात ओलांडतो. त्यांचे एकूण उद्भासन शंभर तासांहून अधिक होते. त्यातील काही भाग प्राणवायूच्या आयनांचा निळसर-हिरवा प्रकाश तेवढाच जाऊ देणाऱ्या गाळणीतून घेतलेला होता. त्या चित्रात दीर्घिकेशेजारी एक लांबलचक, फिकट कमान उमटली. मार्सेल ड्रेक्स्लर आणि झाव्हिए स्ट्रोटनेर हे दोघे हौशी सहकारी आणि काही व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ यांच्यासह जानेवारी २०२३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. मॅगहलच्या छायाचित्रापासून १३४ वर्षे देवयानीवर जगातील थोर दुर्बिणी रोखल्या गेल्या होत्या. त्या कमानीची नोंद तोवर कोणी केली नव्हती. ती देवयानीच्या परिसरातील आहे की आपल्याच आकाशगंगेतील, याविषयी त्यानंतर वेगवेगळी मते मांडली गेली.