अंमली पदार्थविषयक कायद्यातील जामिनाची तरतूद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळील चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मेफेड्रॉननिर्मितीचा कारखाना उघडकीस आला. अशा गुन्ह्यांत आरोपीस जामीन मिळणे इतके कठीण का, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे.

१९८५ च्या मूळ अधिनियमातील कलम ३७ ने जामिनावर विशेष निर्बंध घातला नव्हता. तो १९८९ च्या दुरुस्तीने आला. पाच वर्षे वा अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात, आरोपी दोषी नसल्याचे व तो पुन्हा गुन्हा करणार नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री होणे आवश्यक ठरले. परिणामी खटले रेंगाळले आणि कच्चे कैदी तुरुंगातच राहिले. मुंबईतील अशाच बंद्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, प्रलंबित खटल्यांपुरता, निर्णय दिला. दहा वर्षांच्या किमान शिक्षेच्या गुन्ह्यात पाच वर्षे कोठडीत काढलेल्यास अटींवर जामीन देण्याचा त्यात निर्देश होता.

२००१ च्या दुरुस्तीने कसोटी बदलली. काही विशिष्ट कलमे वगळता कठोर अट केवळ व्यापारी प्रमाणापुरती उरली. मेफेड्रॉनबाबत २ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प, तर ५० ग्रॅमपेक्षा अधिक ते व्यापारी गणले जाते. म्हणजे व्यसनी व व्यापारी यांतील भेद कायद्याने उशिरा ओळखला.

सारांश, कारखानदारावर कठोरता समर्थनीय आहे. मात्र खटल्याचा विलंब हाच शिक्षेचा पर्याय होता कामा नये, हीच १९९४ ची शिकवण होय.